नवे जॅझ अल्बम हेरायचे कसे: आधी साथीदार वाचा

दर शुक्रवारी नवे अल्बम येतात. 10 जुलै 2015 पासून बहुतेक देशांनी हाच वार धरला. त्याआधी अमेरिकेत मंगळवार आणि ब्रिटनमध्ये सोमवार असायचा. म्हणजे आठवड्यातून एकदा ॲप उघडायचं, नवं काय आलं ते बघायचं आणि ऐकायचं, इतकं सरळ वाटतं. पॉपसाठी ते चालतं. जॅझसाठी चालत नाही, कारण ॲपला फक्त अल्बम ज्याच्या नावावर आहे तो माणूस ठाऊक असतो आणि जॅझचा अल्बम एकट्याचा क्वचितच असतो. सवाई गंधर्वला जाताना गायकाच्या नावापाठोपाठ तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे आपण विचारतोच. इथे तर साथीचं वजन त्याहून जास्त. तोच पियानोवादक दुसऱ्या ड्रमरबरोबर ऐकला तर संगीतच वेगळं निघतं.

तेव्हा माग काढायचा तो साथीदारांचा. हे जमलं की शुक्रवारची यादी तुम्हाला बरीचशी आधीच माहीत असते.

एक जुना अल्बम घ्या आणि त्यातली माणसं लिहून काढा

सुरुवात नव्या अल्बमपासून करू नका. पाच-सात वर्षांपूर्वीचा, भरपूर वादक असलेला एखादा निवडा. मकाया मॅक्रेव्हन या शिकागोच्या ड्रमरचा 2018 चा 'युनिव्हर्सल बीइंग्ज' यासाठी उत्तम. दोन एलपी, चार बाजू आणि प्रत्येक बाजू वेगळ्या शहरातली. न्यूयॉर्कच्या बाजूवर हार्पला ब्रँडी यंगर, व्हायब्राफोनला (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) जोएल रॉस, चेलोला टोमेका रीड, बासला डेझ्रॉन डग्लस. शिकागोच्या बाजूवर टेनर सॅक्सोफोनला शबाका हचिंग्ज, चेलोला पुन्हा टोमेका रीड, बासला जुनियस पॉल. लंडनला नुबाया गार्सिया, ॲशली हेन्री आणि डॅनियल कॅसिमिर. लॉस एंजेलिसला गिटारवर जेफ पार्कर, सॅक्सोफोनवर जॉश जॉन्सन, बासवर ॲना बटर्स, शिवाय मिगेल ॲटवुड-फर्ग्युसन आणि कार्लोस निन्यो.

ही नावं वहीत लिहा आणि आता थेट 2024 सालावर या. त्या एका वर्षात जोएल रॉसचा 'न्यूब्लूज' आला ब्लू नोट या लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीवर. शबाकाचा 'पर्सीव्ह इट्स ब्यूटी, अक्नॉलेज इट्स ग्रेस' इम्पल्सवर. नुबाया गार्सियाचा 'ओडिसी' कॉनकॉर्ड जॅझवर, टोमेका रीडचा '3+3' क्यूनिफॉर्मवर, ॲना बटर्सचा 'मायटी व्हर्टिब्रेट' इंटरनॅशनल अँथमवर. जॉश जॉन्सनचा 'अनयूजुअल ऑब्जेक्ट' आला. आणि वर्ष संपताना जेफ पार्करच्या चौकडीचा 'द वे आउट ऑफ ईझी' आला, ज्यात बासवर ॲना बटर्स आणि सॅक्सोफोनवर जॉश जॉन्सन हीच जोडी आहे. सहा वर्षं जुन्या एका यादीने एका वर्षाचे सात अल्बम हातात दिले, तेही किमान पाच वेगवेगळ्या लेबलांकडून. कुठल्याही ॲपच्या शिफारशीतून हे सात एकत्र समोर येणं अवघड.

वहीत किंवा शीटमध्ये चार रकाने पुरतात: नाव, वाद्य, कुठल्या अल्बमवर ऐकलं, लेबल. पाचव्या रकान्याचा मोह टाळा. गुण देणं, तारे देणं सुरू झालं की यादी महिनाभरात बंद पडते.

रकाने भरताना बास आणि ड्रम आधी लिहा. कारण साधं आहे: सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेटवाला स्वतःच्या नावावर अल्बम काढतो, बास आणि ड्रमवाले मात्र दहा जणांच्या अल्बमवर असतात. एका बासवादकाचा माग काढला की दहा बँडलीडर आपोआप सापडतात. उलट दिशेने तसं होत नाही.

दुसरी साखळी थोडी अवघड संगीताची, पण आपल्याला जवळच्या ठिकाणी येऊन थांबणारी. मेरी हॅल्व्हर्सन या गिटारवादक-संगीतकाराचा 2022 चा 'अमॅरिलिस' नॉनसचवर आला. त्यातल्या सहा जणांत व्हायब्राफोनवर पॅट्रिशिया ब्रेनन आणि ट्रम्पेटवर ॲडम ओफॅरिल आहेत. ब्रेननचं नाव पकडा: 2024 मध्ये पायरोक्लास्टिक या लेबलवर तिचा 'ब्रेकिंग स्ट्रेच' आला, सात जणांचा, आणि ट्रम्पेटवर पुन्हा ओफॅरिल. आता ओफॅरिलला धरून मागे जा. 2015 मध्ये सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पाच्या 'बर्ड कॉल्स'वर ट्रम्पेट वाजवणारा विशीतला पोरगा तोच. महंतप्पाकडून मागे गेलात की 2008 चा 'किन्समेन' लागतो, ज्यात कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर वाजवणारे कद्री गोपालनाथ त्याच्या जोडीला आहेत. न्यूयॉर्कच्या गिटारपासून तीन उड्यांत कद्रीपर्यंत. हे सगळं केवळ साथीदारांची नावं वाचून.

श्रेयनामावलीत नेमकं काय वाचायचं

वाद्यांची लघुरूपं बहुतेक ठिकाणी इंग्रजी आद्याक्षरांत असतात: टीएस म्हणजे टेनर सॅक्सोफोन, एएस अल्टो, एसएस सोप्रानो, बीसीएल बास क्लॅरिनेट, टीपी ट्रम्पेट, टीबी ट्रॉम्बोन, व्हीआयबी व्हायब्राफोन, नुसतं पी म्हणजे पियानो, बी म्हणजे बास, डी म्हणजे ड्रम. 'बीएस' दिसलं तर तो बहुधा बॅरिटोन सॅक्सोफोन असतो, बास नव्हे. इथे बरेच जण चुकतात.

वाद्याचा रकाना हलक्यात घेऊ नका. शबाका हचिंग्जला 'सन्स ऑफ केमेट' या बँडमधल्या धडाडत्या टेनरसाठी ओळखणारा माणूस 2024 चा अल्बम लावून गोंधळतो, कारण त्याने 2023 च्या शेवटी सॅक्सोफोन बाजूला ठेवला आणि बासरीकडे वळला. या अल्बमवर जपानी शाकुहाची आहे, इतर बासऱ्या आहेत, क्लॅरिनेट आहे. हे दोन मिनिटांत यादीत दिसतं. तसंच सॅक्सोफोनवादक इमॅन्युएल विल्किन्सचं. 'ओमेगा' (2020) हा चौकडीचा, वाद्यांचाच अल्बम. 2024 चा 'ब्लूज ब्लड' मात्र आवाजांभोवती रचलेला आहे. तमिळ परंपरेतून आलेली गायिका गणव्या त्यात आहे, एका रचनेत सेसिल मॅक्लोरिन साल्वांट गाते. 'ओमेगा'ची अपेक्षा ठेवून हा ऐकणं म्हणजे अल्बमवर अन्याय.

मग ध्वनिमुद्रणाची तारीख. प्रकाशनाची नव्हे, मुद्रणाची. जॅझमध्ये या दोहोंत वर्ष-दोन वर्षांचं अंतर सहज असतं. विजय अय्यर (पियानो), लिंडा मे हान ओ (बास) आणि टायशॉन सोरी (ड्रम) या त्रयीचा 'अनईझी' ईसीएमने एप्रिल 2021 मध्ये काढला. नाव 'अनईझी', साल 2021. साहजिकच माणूस ते महासाथीचं संगीत समजून ऐकतो. मुद्रण झालं होतं डिसेंबर 2019 मध्ये. याच त्रयीचा 'कम्पॅशन' फेब्रुवारी 2024 चा, पण मुद्रण 2022 चं. वादक आज कसा वाजवतोय हे कळायला ही तारीखच कामाची. बँड बदललेला असू शकतो, मोडलेलाही असू शकतो.

स्टुडिओचं नाव वाचायची सवय लावली तर दोन वर्षांत कानाला फरक कळू लागतो. 'अनईझी' आणि 'कम्पॅशन' दोन्ही न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या माउंट व्हर्ननमधल्या ऑक्टेव्हन ऑडिओमध्ये मुद्रित झाले. शबाकाचा अल्बम न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्सच्या व्हॅन गेल्डर स्टुडिओतला, म्हणजे रुडी व्हॅन गेल्डरने 1959 मध्ये उभारलेला तोच, जिथे सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची चौकडी वाजवून गेली. मॅक्रेव्हनच्या बाबतीत मात्र 'मुद्रण कुठे' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. तो प्रेक्षकांसमोरची उत्स्फूर्त मैफल मुद्रित करतो आणि नंतर घरी बसून त्याचे तुकडे कापून, जोडून, फिरवून रचना बांधतो. त्याच्या श्रेयनामावलीत संपादन हेही एक वाद्यच समजा.

शेवटी रचनाकाराचं नाव, प्रत्येक ट्रॅकचं वेगळं. याचा उपयोग पुढे ऐकताना होतो.

ही माहिती मिळते कुठे? ॲपल म्युझिकवर एकेका ट्रॅकच्या मेनूत श्रेय दिसतं, स्पॉटिफायवरही; पण लेबलने भरलं तेवढंच, आणि पुष्कळदा फक्त संगीतकार व निर्माता. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर ट्रॅकच्या यादीखाली वादक, मुद्रण आणि तारीख बहुधा पूर्ण असते. ईसीएम आणि ब्लू नोट यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर अल्बमच्या पानावर वादक असतात. सगळ्यात खोल विहीर म्हणजे डिस्कॉग्ज ही रेकॉर्डांच्या नोंदींची साइट. तिथे वादकाच्या पानावर 'रिलीजेस'खाली न थांबता 'क्रेडिट्स'मधला वादनाचा भाग उघडा आणि वर्षानुसार उलट्या क्रमाने लावा. गेल्या दोन-तीन वर्षांत तो कोणाकोणाबरोबर वाजवतोय ते सगळं एका पानावर येतं. मुंबईची बासवादक मोहिनी डे हिचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम 2023 चा. ॲपवर तिच्या पानावरून तिच्या कामाचा अंदाज घ्याल तर ती आत्ता कुठे सुरुवात करतेय असं वाटेल. श्रेयांचं पान उघडलंत तर कित्येक वर्षांचा पसारा दिसतो.

लेबलं थोडक्यात

लेबल म्हणजे निवड करणारा एक कान. 1939 पासूनचं ब्लू नोट आज जोएल रॉस, विल्किन्स यांच्या पिढीला जागा देतंय, आणि चार्ल्स लॉइडसारख्या ज्येष्ठांनाही. म्युनिकचं ईसीएम 1969 मध्ये मॅनफ्रेड आयशरने सुरू केलं. मोकळी जागा, लांब घुमणारा नाद, निवांत पियानो हवा असेल तर तिकडे जा. शिकागोचं इंटरनॅशनल अँथम मॅक्रेव्हन आणि जेफ पार्करचं घर. न्यूयॉर्कचं पाय रेकॉर्डिंग्ज हेन्री थ्रेडगिल, सोरी यांच्यासारख्यांचं, ऐकायला मेहनत मागणारं. पायरोक्लास्टिक हे पियानोवादक क्रिस डेव्हिस हिने सुरू केलेलं. ब्रिटनचं एडिशन जरा सोपं, स्वच्छ, पहिल्या पायरीसाठी चांगलं; झाकीर हुसेन, डेव्ह हॉलंड आणि क्रिस पॉटर या तिघांचा 'गुड होप' (2019) त्यांचाच.

पाच लेबलं पुरेत. त्यांच्या वार्तापत्रात ईमेल नोंदवा, बँडकॅम्पवर असतील त्यांना तिथे 'फॉलो' करा, आणि या सगळ्या मेलसाठी वेगळं फोल्डर करून ठेवा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात न वाचताच डिलीट होतात.

शुक्रवारचा अर्धा तास

सहसा अल्बम श्रोत्याच्या स्थानिक वेळेनुसार मध्यरात्री उघडतो, म्हणजे आपल्याकडे गुरुवारी रात्री बारानंतर. काही अल्बम मात्र न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीला धरून सोडतात. तेव्हा भारतात उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. सकाळी सात वाजता दिसला नाही म्हणून रद्द झाला असं समजू नका.

क्रम असा ठेवा. आधी लेबलांचे मेल. मग वहीतल्या नावांपैकी कोणी आहे का ते पाहा. लीडर अनोळखी असेल पण ड्रमर ओळखीचा असेल, तर तो अल्बम यादीत घ्या. स्पॉटिफायची 'रिलीज रडार' ही नव्या गाण्यांची यादी सगळ्यात शेवटी, कारण ती लीडरपलीकडे पाहत नाही. यातून फार तर तीन अल्बम निवडा. त्यातला एक पूर्ण ऐका, बाकीच्यांचे एकेक-दोनदोन ट्रॅक. सात अल्बम चाळण्यापेक्षा एक नीट ऐकलेला अल्बम पुढच्या महिन्याच्या निवडीला जास्त उपयोगी पडतो.

अल्बमच्या आधी दोन-तीन ट्रॅक सुटे येतात. त्यांच्यावरून अल्बम जोखू नका. लेबल आधी सोडतं ते बहुधा सगळ्यात सोपं, लहान किंवा पाहुण्या गायिकेचं. आणि हे सुटे ट्रॅक तुम्ही सेव्ह केलेले असतील तर अल्बम आल्यावर ते काढून टाका, नाहीतर लायब्ररीत तेच दोनदा दिसत राहतं.

मासिकांची परीक्षणं ऐकल्यानंतर वाचा. शिकागोचं डाउनबीट 1934 पासून निघतंय आणि पाचपैकी तारे देतं; ब्रिटनचं जॅझवाइज लंडनच्या मंडळींसाठी जास्त कामाचं. साडेतीन तारे मिळालेला अल्बम वगळू नका. तिथे साडेतीन म्हणजे चांगलाच असतो, आणि परीक्षक कोण यावर पुष्कळ अवलंबून असतं.

नवा दिसतो, पण नवा नसतो

सर्वात जास्त फसगत इथे होते. युरोपात 1963 पूर्वी प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क संपलेला आहे. त्यामुळे कोणीही उठून माइल्स डेव्हिस, चेट बेकर, बिली हॉलिडे यांची जुनी गाणी नव्या नावाने, नव्या चित्रासह, चालू साल टाकून ॲपवर चढवतो. पानाच्या तळाशी गोलातल्या 'पी'पुढे चालू वर्ष आणि अनोळखी कंपनी, वादकांची नावं नाहीत, मुद्रणाची तारीख नाही, आणि शीर्षकात 'रीमास्टर्ड' किंवा 'बेस्ट ऑफ': चारांपैकी तीन खुणा दिसल्या की पुढे चला. तिथला आवाजही बऱ्याचदा जुन्या एलपीवरून उतरवलेला, चपटा असतो.

खरा संग्रहातून निघालेला अल्बम आपली कुळकथा सांगतो. कोल्ट्रेनचा 'बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स' इम्पल्सने 2018 मध्ये काढला तेव्हा सगळं स्पष्ट होतं: 6 मार्च 1963, व्हॅन गेल्डर स्टुडिओ, टायनर, गॅरिसन आणि एल्व्हिन जोन्ससह नेहमीची चौकडी, आणि टेप सापडली ती कोल्ट्रेनची पहिली पत्नी नाइमा हिच्या कुटुंबाकडे. असा अल्बम जुना असूनही 'नवा' मानायला हरकत नाही, कारण तो आधी कोणी ऐकलेलाच नव्हता. ब्लू नोटच्या 2019 पासूनच्या टोन पोएट मालिकेसारख्या पुनर्मुद्रणांचं तसं नाही. ती सुंदर असतात, पण आधी निघालेलीच रेकॉर्ड पुन्हा काढलेली असते.

दुसरी भानगड एकाच नावाची. बिल इव्हान्स दोन. एक 1980 मध्ये गेलेला पियानोवादक, दुसरा 1958 साली जन्मलेला सॅक्सोफोनवादक, आणि कहर म्हणजे दोघेही वेगवेगळ्या काळात माइल्स डेव्हिसकडे वाजवलेले. ॲपवर एकाचा नवा अल्बम दुसऱ्याच्या पानावर जाऊन बसतो. 'बिल इव्हान्सचा नवा स्टुडिओ अल्बम' दिसला तर आधी वाद्य बघा.

तिसरी गोष्ट म्हणजे 'कॅफे जॅझ', 'पावसाळी संध्याकाळ' छापाच्या प्लेलिस्ट. ज्या नावामागे एकही साथीदार, एकही कार्यक्रम, एकही छायाचित्र सापडत नाही, ते नाव वहीत घेऊ नका. पोहे करताना मागे लावायला हरकत नाही.

ऐकण्याआधी ॲप नीट लावा

क्रॉसफेड (एक ट्रॅक संपताना पुढचा त्यात मिसळणं) शून्यावर आणा, ऑटोमिक्स बंद, शफल बंद. ईसीएमच्या सीडीवर पहिल्या सुराआधी पाच सेकंद शांतता मुद्दाम ठेवलेली असते. क्रॉसफेड असली मोकळी जागा गिळतो आणि मैफलीच्या अल्बममध्ये तर एका ट्रॅकचा शेवट दुसऱ्याच्या डोक्यावर आदळतो. ॲपल म्युझिकमध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये लॉसलेस (दर्जा न घटवलेला आवाज) चालू करा. पण ब्लूटूथ हेडफोनवर त्याचा उपयोग नाही, आवाज वाटेत पुन्हा दाबला जातो. वायरचे साधे हेडफोन लावा. 48 किलोहर्ट्झच्या वरचं हाय-रेझोल्यूशन हवं असेल तर बाहेरचा डॅक (डिजिटल फाइलचं ध्वनीत रूपांतर करणारं यंत्र) लागतो, आणि खरं सांगायचं तर त्यावर खर्च करण्याआधी चांगले हेडफोन घेतलेले बरे. जॅझमध्ये ऐकायचं असतं ते बासचं बोट आणि राइड झांजेचा (ड्रमर जिच्यावर ठेका धरतो तिचा) कण; दोन्ही स्वस्त इअरफोनमध्ये सगळ्यात आधी हरवतात.

पहिल्यांदा ऐकताना

नव्या अल्बमवर एखादी दुसऱ्याची, जुनी रचना असेल तर तिथून सुरू करा. म्हणूनच रचनाकाराचा रकाना वाचायचा. 'अनईझी'वर कोल पोर्टरचं 'नाइट अँड डे' आहे. 'कम्पॅशन'वर स्टीव्ही वंडरचं 'ओव्हरजॉइड' आहे. ओळखीच्या सुरावटीवर तिघं काय करतायत ते लगेच कळतं, मग अय्यरच्या स्वतःच्या रचनांकडे या. 'नाइट अँड डे'साठी तुलनेला जो हेंडरसनचा 'इनर अर्ज' काढा. त्याच्यावरही तेच गाणं आहे, पियानोवर मॅकॉय टायनर आणि ड्रमला एल्व्हिन जोन्स. दोन्ही लागोपाठ लावा.

मोजायला शिका, कारण मोजल्याशिवाय सोलो, म्हणजे एका वादकाचा विस्तार, नुसता सुरांचा पाऊस वाटतो. चार मात्रांचा एक बार. ब्लूजचं आवर्तन बारा बारांचं, म्हणजे 48 मात्रा. नेहमीच्या गाण्याचं 32 बारांचं, म्हणजे 128. 'नाइट अँड डे' मुळात 48 बारांचं आहे, म्हणून त्यात मोजणी चुकते आणि दोष स्वतःकडे घेतला जातो. आवर्तन ही कल्पना आपल्याला परकी नाही. फरक इतकाच की इथे सम ठळक करून दाखवत नाहीत. आवर्तन कुठे पालटलं ते बासवादकाच्या खालच्या सुरावरून किंवा ड्रमच्या एखाद्या झांजेवरून ओळखायचं. पहिल्या ऐकण्यात फक्त बास धरा, सोलोकडे लक्ष गेलं तरी पुन्हा बासकडे या. दुसऱ्यांदा ड्रमरचा उजवा हात, म्हणजे राइड झांज. तिसऱ्यांदा सगळं. शेवटाकडे सॅक्सोफोन चार बार, ड्रम चार बार अशी देवघेव सुरू झाली की मुखडा परत येण्याची वेळ झाली असं समजायचं.

आजचे बरेच अल्बम या साच्यात बसत नाहीत. महंतप्पाकडे किंवा ब्रेननकडे चाराऐवजी पाच, सात, अकरा मात्रांचे गट येतात. तिथे पायाने ठेका धरू नका, सगळ्यात लहान मात्रा मनात मोजा आणि ती कितीच्या गटाने पडते ते शोधा. मॅक्रेव्हनकडे आवर्तनाऐवजी फिरतं चक्र असतं. त्यात जोड कुठे आहे, तोच तुकडा परत येताना काय बदलून आला, हे ऐकायचं.

चार्ल्स लॉइडच्या 'ट्रायोज: सेक्रेड थ्रेड'पासून (2022) सुरुवात केलीत तरी चालेल. त्यात ड्रम नाहीत, बास नाही. गिटारवर ज्युलियन लाज आणि तबल्यावर झाकीर हुसेन. तबला ओळखीचा असल्याने कान लवकर जागेवर येतो, आणि मग लॉइडचा टेनर तालाच्या किती पुढेमागे तरंगतो ते स्पष्ट ऐकू येतं.

विकत घ्यायचं तर

बँडकॅम्पवर अल्बम आधी बहुधा पूर्ण ऐकू देतात, मग घ्यायचा. एरवी डिजिटल विक्रीतून कंपनी साधारण 15 टक्के घेते. 'बँडकॅम्प फ्रायडे' या ठराविक शुक्रवारी तो हिस्सा सोडते. पहिला असा शुक्रवार 20 मार्च 2020 चा. हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो, म्हणजे भारतात उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी साडेबारा ते शनिवारी दुपारी साडेबारा, हिवाळ्यात दीड ते दीड. शुक्रवारी सकाळी उत्साहाने खरेदी केलीत तर हिस्सा कापलाच जातो.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर बहुतेक वेळा कार्ड ठीक असतं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद असतात. ते चालू करा, मर्यादा हजार-दोन हजार ठेवा, काम झालं की पुन्हा बंद करा. चलन बदलाचा आकार आणि त्यावरचा जीएसटी वेगळा लागतो, तो स्टेटमेंटमध्ये दिसतो.

फाइल फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) उतरवा. सीडीच्या दर्जाचा पन्नास मिनिटांचा अल्बम साधारण 250 ते 300 एमबी होतो, 24 बिट 96 किलोहर्ट्झचा एक जीबीच्या आसपास, आणि 320 केबीपीएसचा एमपीथ्री सुमारे 120 एमबी. फ्लॅकवरून एमपीथ्री कधीही करता येतो, उलट नाही.

एलपी परदेशातून मागवताना एकेक मागवू नका. एका रेकॉर्डचा टपालखर्च रेकॉर्डइतकाच होतो, वर सीमाशुल्क आणि कुरिअरचा हाताळणी आकार. एकाच लेबलचे दोन-तीन अल्बम जमले की एकत्र. दोन एलपी म्हणजे संगीत दुप्पट असं नाही. एका बाजूवर साधारण 18 ते 22 मिनिटंच चांगली बसतात, म्हणून तासाभराचा अल्बम दोन तबकड्यांवर जातो. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यापूर्वी आतली कागदी पाकिटं काढून प्लॅस्टिकचं अस्तर असलेली घाला. कागद ओल धरतो आणि बुरशीचे ठिपके खाचांत उतरतात. रेकॉर्ड उभ्या ठेवा, बाहेरच्या भिंतीला लावून नको.

उतरवलेल्या फाइलमध्ये साथीदारांची नावं सहसा नसतात. ती स्वतः घालावी लागतात. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या मोफत प्रोग्रॅममध्ये मेटाडेटाच्या सेटिंगमध्ये ट्रॅक व रिलीजमधले संबंध वापरण्याचा पर्याय चालू केला, तर त्या अल्बमची माहिती तिथे कोणी भरलेली असेल ती आपोआप येते. नसेल तर एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅममध्ये सगळे ट्रॅक निवडून 'परफॉर्मर' हे क्षेत्र जोडा आणि प्रत्येक वादक वेगळ्या ओळीत, कंसात वाद्यासह लिहा. सगळी नावं स्वल्पविराम देऊन एकाच ओळीत भरलीत तर काही प्लेअर तो एकच माणूस समजतात. नावाचं स्पेलिंग डिस्कॉग्जवर आहे तेच ठेवा. मग प्लेअरमध्ये कुठल्याही ड्रमरचं नाव टाकून शोधलं की तुमच्याकडचे त्याचे सगळे अल्बम येतात, लीडर कोणीही असो.